वजन ६४० ग्रॅम

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचे संपादित रूप)



साप डूख धरतो, हे आपण सगळ्यांनीच लहानपणी ऐकलेलं असतं. अर्धवट मारून सोडलेला नाग घर शोधत येतो, मारणाऱ्याचा चेहरा त्याच्या डोळ्यांत उमटलेला असतो, आणि नागीण तर बारा-बारा वर्षं वाट पाहते. आमच्या गल्लीत ही गोष्ट हिंदूंच्या घरात सांगितली जायची आणि मुसलमानांच्या घरातही. फरक काय तो सांगणाऱ्या आजीच्या बोलीचा. पुढे हिंदी सिनेमावाल्यांनी या एका समजुतीवर बंगले बांधले. सापांचा अभ्यास करणारी मंडळी मात्र सांगून सांगून थकली, की बाबांनो, सूड घ्यायला जी आठवण लागते ती सापाजवळ नसते. त्याच्याजवळ भूक असते, भीती असते, ऊन आणि सावली यांची अचूक जाण असते. राग नसतो. आणि राग नसतो तसा लोभही नसतो. ही दुसरी बाजू सहसा कुणी सांगत नाही, कारण तिच्यावर सिनेमा निघत नाही.

मी आज ज्या सापाबद्दल बोलणार आहे तो पाळलेला साप होता. हे शब्दच मराठी कानाला विचित्र वाटतात. कुत्रा पाळतात, शेळी पाळतात, पोपट पाळतात. साप म्हटला की आपल्याला एक तर नागपंचमीची पूजा आठवते नाही तर काठी आठवते. गारुड्याची टोपली होती खरी, पण तिला पाळणं म्हणवत नाही. नागाचे विषदंत उपटायचे, तोंड दोऱ्यानं शिवायचं, पंचमीच्या आधी कित्येक दिवस पाणीसुद्धा तोडायचं, म्हणजे तहानेनं कासावीस झालेला तो जीव वाटीत जे असेल त्यात तोंड घालतो. आपण म्हणतो, नाग दूध प्याला. सापाला दूध पचत नाही. श्वासनलिकेत गेलं तर फुप्फुसं बिघडतात, आणि पूजेतले कितीतरी नाग पुढच्या काही दिवसांत मरतात. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आपल्या देशातले साप पकडून घरी ठेवायला बंदी केली, आणि गारुड्याची पुंगी हळूहळू थांबली.

पण कायदा इथल्या सापांचा होता. परदेशातून आणलेल्या सापांबद्दल तो बरीच वर्षं गप्प होता. त्या गप्पपणात मोठ्या शहरांमधून एक नवी टोपली आली, काचेची. तिच्यात इगुआना आले, रंगीत पोपट आले, आणि आफ्रिकेतला एक छोटा अजगर आला. त्याला बॉल पायथन म्हणतात.

हा मुळात पश्चिम आणि मध्य आफ्रिकेचा. गवताळ माळ, शेतांचे बांध, उंदरांची बिळं, वाळवीची जुनी वारुळं, ही त्याची घरं. लांबी तीन-चार फूट, फार तर पाच. विष नाही. घाबरला की अंगाची गुंडाळी करतो आणि डोकं मधोमध लपवतो. चेंडूसारखा होतो म्हणून हे नाव. लाजाळू आणि सुस्त जनावर. हाच त्याचा गुण, आणि तोच त्याच्या जिवावर उठला, कारण ज्याला चावता येतं पण जो सहसा चावत नाही, असा साप विकायला फार सोपा. घाना, टोगो, बेनिन या देशांमधून लाखोंच्या संख्येनं तो जगभर गेला.

त्याच बेनिनमध्ये विदा नावाचं गाव आहे. तिथं या अजगरांचं देऊळ आहे. साप आत मोकळे असतात, कधी रात्री बाहेर पडतात, कुणाच्या घरात शिरतात, आणि घरातली माणसं त्यांना आदरानं उचलून परत देवळात आणून सोडतात. नायजेरियातल्या इग्बो लोकांतही याला मान. चिनुआ अचेबे यांची १९५८ साली आलेली ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ ही कादंबरी ज्यांनी वाचली असेल त्यांना त्यातला पवित्र अजगर आठवेल. त्याला मारल्यावरून सगळं गाव ढवळून निघतं. हे मी पुण्यात एका दवाखान्याच्या बाकावर बसून वाचलं, आणि मला आमच्या शेजारच्या काकू आठवल्या. नागपंचमीला त्या विळी उभी करत नसत, तवा चुलीवर ठेवत नसत, नांगर धरू देत नसत. उकडलेले पुरणाचे दिंड तेवढे करायच्या आणि एका ताटलीत झाकून आमच्याकडे पाठवायच्या. कुठं पश्चिम आफ्रिकेचा किनारा आणि कुठं आमची गल्ली. पण त्या काकूंना विद्याची माणसं लगेच समजली असती.

आता पुण्याचा दवाखाना कसा, ते सांगतो. २०२४च्या जूनअखेर माझ्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, उजव्याचं सप्टेंबरात व्हायचं होतं. एसटीच्या कचेरीतून मी आधीच स्वेच्छानिवृत्ती घेतलेली, तेव्हा मधल्या काळात मुक्काम थोरल्या बहिणीकडे, म्हणजे आपाकडे, कोंढव्यात. भाचा जनावरांच्या एका डॉक्टरांकडे मदतनीस आहे. डॉक्टर म्हणजे एक पन्नाशीच्या बाई, बोलणं कमी, हात स्थिर. दुपारी भाच्याचा डबा घेऊन मी दवाखान्यात जायचो आणि संध्याकाळपर्यंत तिथंच रेंगाळायचो. वाचायला डोळ्याची मनाई, घरी बसून कंटाळा.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात वनखात्याची गाडी आली. एका सोसायटीत दोन महिन्यांहून अधिक काळ बंद असलेली भाड्याची खोली मालकानं उघडली होती. आत काचेची पेटी, पेटीत वाळलेली पाण्याची वाटी, आणि वाटीशेजारी हा. मालकानं सर्पमित्राला बोलावलं, सर्पमित्रानं वनखात्याला कळवलं, पंचनामा झाला आणि उपचारासाठी साप या बाईंकडे सोपवला गेला. भाच्यानं पिशवीसकट काट्यावर ठेवला, पिशवीचं वजन वजा केलं. ६४० ग्रॅम. लांबी जवळजवळ चार फूट. डॉक्टर म्हणाल्या, एवढ्या लांबीला याच्या दुप्पट तरी हवं होतं.

मी साप पाहिले नव्हते असं नाही, पण असा पाहिला नव्हता. धडधाकट अजगर गोल असतो, सायकलच्या फुगलेल्या ट्यूबसारखा. हा तिकोनी झालेला. पाठीचा कणा वर आलेला, दोन्ही बाजूंनी कातडी खाली उतरलेली, थेट कौलारू घराच्या आढ्यासारखी. चिमटीत धरलेली कातडी सोडली तरी तशीच उभी राहत होती. अंगात पाणीच नव्हतं. कात अंगभर तुकड्या-तुकड्यांनी अडकलेली, जुन्या भिंतीचे पोपडे धरून राहावेत तशी. शेपटीच्या टोकाशी दोन-तीन कातींची कडी एकावर एक बसून शेपूट काळं पडायला लागलेलं. खवल्यांच्या फटींत मोहरीहून बारीक काळे किडे. आणि पाठीवर, मधल्या भागात, सहा-सात जखमा, काही बुजत आलेल्या, काही उघड्या. मला वाटलं कुणी काहीतरी टोचलं. डॉक्टरांनी भिंगातून पाहिलं आणि म्हणाल्या, ‘‘उंदीर.’’

अजगराला जिवंत उंदीर घालून माणसं दार लावून निघून जातात. साप आजारी असला, गारठलेला असला, त्याला भूक नसली, तर तो उंदराला हात लावत नाही. उंदराला मात्र भूक लागतेच. मग तो सापाला कुरतडतो, आणि अंग गार पडलेला साप बाजूलासुद्धा होऊ शकत नाही. सापांवर उपचार करणाऱ्यांच्या पाहण्यात अशा जखमा नेहमी येतात. मला मात्र त्या रात्री जेवण गेलं नाही.

माझी समजूत होती की उपाशी जीव आहे, आता त्याला पोटभर खायला घालतील. डॉक्टरांनी सांगितलं, आज खायला घातलं तर तो उद्या मरेल. फार दिवस उपाशी राहिलेलं शरीर आपलं सगळं कामकाज आवरतं घेऊन बसलेलं असतं. त्यावर एकदम मोठं जेवण पडलं की रक्तातले क्षार झपाट्यानं पेशींत ओढले जातात आणि हृदयच गडबडतं. माणसातही हेच होतं; दुसऱ्या महायुद्धानंतर छावण्यांमधून सुटलेली उपाशी माणसं भरपेट अन्न मिळाल्यावर दगावली, ते याच कारणानं. रोजा सोडताना आम्ही आधी खजूर आणि पाणी घेतो, एकादशीचं पारणं करणारेही हलक्यानं सुरुवात करतात. जुन्या माणसांना क्षार माहीत नव्हते, पण पोट माहीत होतं.

तेव्हा आधी ऊब, मग पाणी, मग औषध, आणि सगळ्यात शेवटी अन्न. हा क्रम डॉक्टरांनी मोडला नाही.

सापाला स्वतःची उष्णता नसते, ती बाहेरून घ्यावी लागते. ऊब नसेल तर त्याचं पोट चालत नाही, औषधही लागू पडत नाही. पुण्यातला जुलै म्हणजे ओला गारवा. पेटीच्या एका टोकाखाली गरम होणारी गादी ठेवली, तिला तापमान राखणारं यंत्र जोडलं. एक बाजू ३१-३२ अंश, दुसरी २६च्या आसपास. सापानं आपल्याला हवं तिथं सरकावं. वीज गेली की भाचा रबरी पिशवीत गरम पाणी भरून टॉवेलात गुंडाळून ठेवायचा. रोज सकाळी कोमट पाण्यात, बोटभर खोल, वीस मिनिटं बसवायचं. नंतर ओल्या टॉवेलच्या घड्यांमधून त्याला त्याच्या चालीनं जाऊ द्यायचं, म्हणजे सुटायला आलेली कात टॉवेलला लागून राहते. ओढायची नाही. पहिल्या दिवशी तळहाताएवढा तुकडा सुटला, त्याखालचा रंग दिसला: गडद चॉकलेटी, त्यावर सोनेरी तपकिरी ठिपके. चौथ्या दिवशी शेपटीची कडी सुटली. टोकाचा पाव इंच गेला तो गेलाच.

डोळ्यांवरची कात मात्र तशीच राहिली. सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर काचेसारखा एक पारदर्शक खवला असतो आणि कातीबरोबर तोही दर वेळी नवा होतो. याचा जुना निघालाच नव्हता, त्यामुळे दोन्ही डोळे धुरकट. भाच्यानं विचारलं, चिमट्यानं काढू का. डॉक्टर म्हणाल्या, ‘‘अजिबात नाही. खालचा डोळा फाटेल. पुढच्या कातीची वाट बघायची.’’ माझा एक डोळा उघडलेला, दुसरा सप्टेंबरसाठी राखून ठेवलेला. मी त्या धुरकट डोळ्यांकडे बघत बसायचो. यावर एक कविता लिहून पाहिली. चारच ओळींत त्या सापाचं प्रतीक व्हायला लागलं, तेव्हा बाजूला ठेवली. तो प्रतीक नव्हता, तो आजारी होता.

तोंडातही रोग होता. हिरड्या सुजलेल्या, आणि दातांच्या रांगेला पू धरलेला. सापाचा पू आपल्यासारखा वाहत नाही, तो घट्ट असतो, फडक्यात टांगलेल्या चक्क्यासारखा. डॉक्टर लाकडी पट्टीनं तोंड उघडायच्या, पातळ केलेल्या जंतुनाशकात बुडवलेला कापूस फिरवायच्या, कण एकेक करून काढायच्या. प्रतिजैविकाचं इंजेक्शन दर ७२ तासांनी. तेही अंगाच्या पुढच्या भागात, कारण सापाचं मागच्या अंगातलं रक्त आधी मूत्रपिंडांतून जातं आणि औषध तिथंच खर्ची पडू शकतं. तीन दिवसांनी एक इंजेक्शन, हे मला नवल वाटलं. डॉक्टर म्हणाल्या, याचं सगळंच सावकाश असतं. बिघडणंही आणि सुधारणंही. म्हणूनच माणसांना कळत नाही की हा मरायला लागला आहे.

वही लिहायचं काम माझ्याकडे कसं आलं? डॉक्टरांचं अक्षर भाच्याला लागत नव्हतं आणि भाच्याचं डॉक्टरांना. सरकारी कचेरीत आयुष्य गेल्यामुळे माझं अक्षर तेवढं सुवाच्य. डोळ्याच्या डॉक्टरांची परवानगी मिळाल्यावर मी रकाने आखले: तारीख, वजन, तापमान, पाणी, औषध, शेरा. पहिल्या दिवसाचं वजन ६४०. पाचव्या दिवशी ६७२. ते मांस नव्हतं, पाणी होतं. बाराव्या दिवशी ६६८. नळीनं पोटात पातळ आहार, पाच मिलिलिटर. मग आठ. मग बारा. शेऱ्याच्या रकान्यात मी एकदा ‘आज प्रसन्न दिसला’ असं लिहिलं. डॉक्टरांनी ते खोडून ‘जीभ वारंवार बाहेर, स्पर्शाला प्रतिसाद’ असं लिहिलं, आणि माझ्याकडे न बघता वही परत दिली.

घरी आपाचा पहिले काही दिवस वेगळाच कायदा. दारातच आवाज यायचा, ‘‘हात धो पहले, साबण से!’’ दवाखान्यातही तीच शिस्त होती, कारण सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात आणि ते माणसाच्या पोटात गेले की त्रास. तेव्हा आपाचं आणि वैद्यकशास्त्राचं एकमत. पण एका रात्री मी तिला उंदराच्या जखमांचं सांगितलं. ती भाकरी थापता थापता थांबली. मग तिनं ती हदीस सांगितली जी आम्ही दोघांनी लहानपणी अम्मीकडून ऐकलेली. एका बाईला शिक्षा झाली, का, तर तिनं मांजर कोंडून ठेवली. स्वतः खायला दिलं नाही, आणि बाहेर जाऊन किडामुंगी शोधून खायलाही सोडलं नाही. आपा म्हणाली, मांजराला मारलं असं कुठं आहे त्यात? कोंडलं आणि विसरली, एवढंच आहे. नंतर रोज रात्री ती विचारायची, ‘‘खाया क्या उसने?’’

त्यानं खाल्लं नव्हतं. महिना होत आला, तोंड बरं झालं, किडे गेले, जखमांवर खपली धरली, आणि तरी तो खाईना. मेलेला छोटा पांढरा उंदीर, गरम पाण्यात पिशवीसकट ठेवून अंगासारखा उबदार केलेला, चिमट्यानं पुढे धरायचा. या अजगराच्या ओठांवर खड्ड्यांची रांग असते, तिच्यातून त्याला भक्ष्याची ऊब अंधारातही कळते. त्यानं मान वळवली. दुसऱ्यांदा वळवली. तिसऱ्यांदा गुंडाळी करून डोकं आत घातलं. या जातीचा साप अन्न नाकारण्यात मोठा हट्टी, महिनोन् महिने खात नाही. पण ते धडधाकट सापानं करावं. याच्याजवळ नाकारायला काही शिल्लक नव्हतं.

डॉक्टरांनी पेटीत पहिल्या दिवसापासून एक मातीची कुंडी उपडी ठेवली होती, कडेला फोडून दार केलेली. पण दवाखाना म्हणजे वर्दळ. कुत्री भुंकायची, माणसं येता-जाता काचेतून डोकावायची, पोरं टकटक करायची. एक दिवस डॉक्टरांनी पेटी उचलून मागच्या सामानाच्या खोलीत नेली, तीन बाजूंनी पुठ्ठा लावला, वरून काळं फडकं टाकलं आणि सगळ्यांना सांगितलं, दहा दिवस कुणीही बघायचं नाही. वजनही नाही. पाणी तेवढं बदलायचं, तेही अंधारात. ‘‘त्याला आपली माया नको आहे,’’ त्या म्हणाल्या, ‘‘त्याला बीळ हवं आहे.’’ माझ्या वहीत त्या दहा दिवसांचे रकाने कोरे आहेत, फक्त पाण्यापुढे बरोबरची खूण.

त्याच दहा दिवसांत तो मुलगा आला. पंचविशीचा, अंगावर कंपनीच्या नावाचा जुना टी-शर्ट. खोलीमालकाकडून पत्ता काढत आला होता. आधी बाकावर गप्प बसला, मग फोन काढून मला फोटो दाखवायला लागला. काचेच्या पेटीत खोटी वेल, पाण्याची सुंदर वाटी, आणि गळ्यात भरलेला, तकतकीत साप घालून हसणारा तो. कुणा मध्यस्थाकडून घेतला होता. खोक्यात घालून खाजगी बसच्या डिकीतून आला, कागद नाही, पावती नाही. वर्षभर नीट सांभाळला. मग नोकरी गेली. आठ दिवसांसाठी म्हणून गावी गेला, वडील आजारी होते, आठाचे साठ झाले. खोलीतल्या जोडीदाराला सांगून गेला होता. जोडीदाराला सापाची भीती. त्यानं दुरून झाकण उचलून एक जिवंत उंदीर आत सोडला, आणि पुढे तोही खोली सोडून गेला.

मला त्याचा राग यायला हवा होता. थोडा आलाही. पण राग धरून बसावा असा तो माणूस नव्हता. त्याच्यात क्रूरपणा नव्हता, हौस होती. आणि हौसेला आठ दिवसांपलीकडचं दिसत नाही. आपल्याकडे नवा कायदा याच हौसेशी झगडतो आहे. धोक्यातल्या प्राण्यांच्या व्यापारावर १९७३ साली वॉशिंग्टनमध्ये एक आंतरराष्ट्रीय करार झाला, भारत त्यात १९७६मध्ये आला. या कराराच्या यादीत हा अजगर आहे. तरी त्या यादीतले परदेशी प्राणी घरी बाळगण्याबद्दल आपल्या कायद्यात स्पष्ट काही नव्हतं. २०२०मध्ये केंद्रानं असे प्राणी आपणहून जाहीर करण्याची संधी दिली. २०२२ साली वन्यजीव कायद्यात दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३पासून लागू झाली, आणि फेब्रुवारी २०२४मध्ये नोंदणीचे नियम आले. आता असा प्राणी जवळ असेल तर नोंद हवी, मूळ कुठलं ते सांगता यायला हवं. बसच्या डिकीला मूळ नसतं.

डॉक्टर बाहेर आल्या. मुलगा उठून उभा राहिला आणि म्हणाला, ‘‘एकदा बघू द्या.’’ त्या नाही म्हणाल्या. दहा दिवस पुरे झाल्यावर ये म्हणाल्या. आणि तो खरंच आला, नेमक्या अकराव्या दिवशी. तोवर एक चांगली गोष्ट घडली होती. नवव्या रात्री भाच्यानं कुंडीच्या दाराशी छोटा उंदीर ठेवून दिवा मालवला होता, आणि सकाळी उंदीर नव्हता. वहीत मी लिहिलं, ‘२० ग्रॅम, स्वतःहून.’ दोनदा अधोरेखित केलं. हे डॉक्टरांनी खोडलं नाही. त्या रात्री आपानं काही न विचारताच ओळखलं, आणि फिरनी केली.

तर मुलगा आला. डॉक्टरांनी फडकं अर्धं वर केलं. साप कुंडीबाहेर होता. मुलानं हळू आवाजात विचारलं, ‘‘मला ओळखेल?’’ डॉक्टर म्हणाल्या, वास वेगवेगळे कळत असतील त्याला. पण तुला वाटतं तसं ओळखणं नाही. सापानं दोनदा जीभ बाहेर काढली, आणि आपलं अंग इंचाइंचानं कुंडीत ओढून घेतलं. तो तसाच उभा. मग म्हणाला, ‘‘मॅडम, राग तरी यायला हवा होता त्याला.’’

कुणीच बोललं नाही. दुसऱ्या दिवशी तो वनखात्याच्या कचेरीत जाऊन जबाब देऊन आला. डॉक्टरांनीच तसं सांगितलं होतं.

ऑगस्टच्या शेवटी सापानं कात टाकली. डोक्यापासून शेपटीपर्यंत सलग, पायमोज्यासारखी उलटी. डॉक्टरांनी ती दिव्यासमोर धरली आणि डोक्याच्या जागी दोन गोल काचा दाखवल्या, जाड, दुहेरी. जुने खवले नव्यांबरोबर निघाले होते. सापाचे डोळे काळेभोर निघाले. तीन आठवड्यांनी माझा दुसरा डोळा झाला.

पुढचं सगळं रकान्यांतलं. दर आठ-दहा दिवसांनी एक उंदीर, जरा मोठा, मग आणखी मोठा. ७१०. ७६५. ८४०. पाठीचं आढं बसत गेलं. जखमांच्या जागी खवले वेडेवाकडे आले, ते तसेच राहणार.

मला भेटलेल्या बहुतेकांनी एकच विचारलं, मग बरा झाल्यावर जंगलात सोडला ना? नाही. तो आपल्या जंगलाचा नाही. अमेरिकेत फ्लोरिडाच्या दलदलीत माणसांच्या ताब्यातून सुटलेले आणि सोडून दिलेले बर्मी अजगर इतके वाढले, की तिथले रॅकून आणि ओपॉसम मोठ्या भागातून दिसेनासे झाले. आणि त्याला आफ्रिकेला पाठवावं, तर कुठल्या देशातून आला, रानातून धरला की पिंजऱ्यात जन्मला, हेच कुठं लिहिलेलं नाही. तेव्हा उरलेलं सगळं आयुष्य पेटीत. आणि ते आयुष्य लहान नसतं. पाळलेला बॉल पायथन वीस-तीस वर्षं सहज जगतो. अमेरिकेत सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयात १९६१ साली कुणीतरी आणून दिलेली एक मादी होती. साठी उलटल्यावर, २०२० साली, तिनं सात अंडी घातली, तीही कित्येक वर्षं नराशिवाय राहून. सापाच्या दुकानात उभ्या असलेल्या पोरानं एवढा हिशेब करायला हवा, की आपण आज जे गळ्यात घालतो आहोत ते आपल्या पोरांच्या लग्नालाही असेल.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात पत्र आलं. परवानगी असलेल्या एका केंद्रात त्याची कायमची सोय झाली होती. भाच्यानं शेवटचं वजन केलं: ९८० ग्रॅम. कापडी पिशवीत घातलं, पिशवीच्या तोंडाला दुहेरी गाठ मारली, पिशवी हवेची भोकं असलेल्या खोक्यात, खोक्यात एक कोमट बाटली. कुंडीही बरोबर दिली. डॉक्टर गाडीपर्यंत आल्या नाहीत, आत एका मांजरीचं बाळंतपण चाललं होतं. आपानं, खोटं नाही सांगत, भाच्याजवळ निरोप पाठवला होता, ‘‘उनको बोल, उंदीर जिंदा मत डालना.’’ तो निरोप भाच्यानं वनरक्षकाला अक्षरशः तसाच सांगितला, आणि त्यानं मान डोलावली.

श्रोतेहो, तुमच्या आसपास साप निघाला, किंवा बंद घरात असा कुणी राहून गेलेला आढळला, तर महाराष्ट्र वनविभागाचा १९२६ हा क्रमांक लक्षात ठेवा. काठी नको आणि दूधही नको.

वही मी दवाखान्यातच ठेवली. बरीच पानं उरली होती. मी निघायच्या दिवशी कुणीतरी पुठ्ठ्याच्या खोक्यात एक कासव आणून ठेवलं, कवच मऊ पडलेलं. अंधाऱ्या न्हाणीघरात वर्षभर ठेवलं होतं, ऊन लागलेलं नव्हतं. भाच्यानं काटा पुसला. मी नवं पान काढलं, रकाने आखले आणि लिहिलं, वजन ३१० ग्रॅम.